चित्रपट आणि रसिकाचा अभिप्राय

खेळ संपतो, दिवे लागतात, आणि दारांतून बाहेर पडणाऱ्या मंडळींत पहिला प्रश्न निघतो तो एकच : "काय, कसा काय वाटला?" कोणी म्हणतो, नायकाचें काम उत्तम वठलें, कोणी म्हणतो, गाणीं फार झालीं. कोणा गृहिणीस शेवट पटलेला नसतो, तर घरांतील वडील मंडळींस मूळ पुराणांत कथा अशी नाहीं, हें ठासून सांगावयाचें असतें. घर येईपर्यंत हा वाद चालतो आणि जेवणाच्या पानावर पुन्हां डोकें वर काढतो. चित्रपटाच्या इतिहासांत मात्र या संवादास जागा मिळत नाहीं. तेथें नांवें येतात तीं यंत्रें शोधून काढणारांचीं, चित्रें निर्माण करणारांचीं आणि नटनटींचीं. ज्याच्यासाठीं एवढा खटाटोप झाला, तो तिकीट काढून काळोखांत बसलेला मनुष्य इतिहासकाराच्या दृष्टीआड राहतो. परंतु थोडें खोलांत जाऊन पाहिलें, तर या कलेस लागलेल्या पुष्कळ वळणांच्या मुळाशीं कोणातरी प्रेक्षकाचा अभिप्रायच उभा असलेला दिसेल.

आरंभ अगदीं पहिल्या खेळापासूनच करावा. ता. २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस शहरांतील ग्रां कॅफे नांवाच्या उपाहारगृहाच्या तळघरांत ल्युमिएर बंधूंच्या यंत्राचा, पैसे घेऊन केलेला, पहिला जाहीर खेळ झाला. योगायोग असा कीं, त्या तळघराचें नांव ‘हिंदी दिवाणखाना’ असें होतें. तिकीट एक फ्रँक आणि प्रेक्षक अवघे तेहतीस. चित्रें दहा, प्रत्येकाची लांबी मिनिटाच्या आंतबाहेर. कारखान्यांतून सुटलेले कामकरी, लहानग्यास भरविणारे आईबाप, माळ्याची फजिती करणारा एक वात्रट मुलगा, असे त्यांचे विषय. पडद्यावर आगगाडी येतांना पाहून प्रेक्षक घाबरून पळत सुटले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. पण आगगाडीचें चित्र त्या पहिल्या दिवसाच्या कार्यक्रमांत नव्हतेंच. त्या दिवशीं खरोखर महत्त्वाची गोष्ट घडली ती निराळीच. निमंत्रितांमध्यें जॉर्ज मेलिएस नांवाचा एक जादूगार बसला होता. खेळ पाहून त्यानें तेथल्या तेथें यंत्र विकत मागितलें. त्यास नकार मिळाला. म्हणून त्यानें लंडनहून दुसरें यंत्र मिळविलें, आणि १९०२ सालीं चंद्रावरील सफरीचें तें विख्यात चित्र काढून, हलत्या चित्रांतून स्वप्नेंहि दाखवितां येतात, हें जगास दाखविलें. इतरांनीं त्या तळघरांत एक नवलाई पाहिली. मेलिएसनें पुढें काय करतां येईल तें पाहिलें. हाहि अभिप्रायच होय. फक्त तो शब्दांनीं दिलेला नाहीं.

शब्दांनीं दिलेला पहिला थोर अभिप्राय रशियांत लिहिला गेला. १८९६ च्या जुलै महिन्यांत निझ्नी नोव्हगोरोद येथें मोठें औद्योगिक प्रदर्शन भरलें होतें, आणि तेथील एका नाचगाण्याच्या उपाहारगृहांत ल्युमिएर बंधूंचीं चित्रें दाखविलीं जात होतीं. तीं पाहण्यास एका स्थानिक वर्तमानपत्राचा अठ्ठावीस वर्षांचा बातमीदार गेला. त्याचें नांव मॅक्सिम गॉर्की. टोपण नांवानें लिहिलेल्या आपल्या लेखांत त्यानें कौतुकाच्या टाळ्या पिटल्या नाहींत. ज्या जगांत रंग नाहीं, आवाज नाहीं, झाडांचीं पानें हलतात पण सळसळत नाहींत, माणसें हंसतात पण हंसूं ऐकूं येत नाहीं, अशा छायेच्या राज्यांत जाऊन आल्यासारखें त्यास वाटलें आणि त्याचें मन खिन्न झालें. शिवाय, बाळाला भरविणाऱ्या सुखी दांपत्याचें चित्र अशा हीन करमणुकीच्या जागीं दाखवावें, ही विसंगतीहि त्याच्या नजरेंतून सुटली नाहीं. असल्या ठिकाणीं या सात्त्विक चित्रांची जागा लौकरच चावट चित्रें घेतील, असें भाकितहि त्यानें केलें. त्या दिवशींच्या हजारों प्रेक्षकांचे उद्गार हवेंत विरून गेले. गॉर्कीचा लेख मात्र अजून वाचला जातो. कारण त्यानें आपणांस काय आवडलें एवढेंच न सांगतां, आपण काय पाहिलें आणि पाहतांना मनाचें काय झालें, तें नेमकें लिहून ठेवलें.

त्याच जुलै महिन्याच्या ७ तारखेस तींच हलतीं चित्रें मुंबईस पोंचलीं. ल्युमिएर बंधूंचा प्रतिनिधि मारियस सेस्टिए हा ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर असतां मुंबईंत उतरला आणि एस्प्लनेडवरील वॉटसन हॉटेलांत त्यानें खेळ लावले. दर एक रुपया. त्या काळीं हा दर सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेरचा होता, आणि प्रेक्षकांत भरणा गोऱ्या साहेबांचाच होता. परंतु आठवड्याभरांतच हे खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहांत आले. तिकिटें चार आण्यांपासून सुरू झालीं आणि पडदानशीन स्त्रियांसाठींहि निराळी सोय करण्यांत आली. या एका आठवड्यांत एक मोठा पालट झाला असें म्हटलें पाहिजे. चित्रपटाविषयीं मत बनविण्याचा अधिकार रुपयावाल्यांच्या हातून चार आणेवाल्यांच्या हातीं आला, आणि तो पुढें कधींहि परत गेला नाहीं.

वॉटसन हॉटेलांतील खेळ पाहणारांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मराठी छायाचित्रकार होते. लोक त्यांस सावेदादा म्हणत. फोटोचा धंदा करणाऱ्या माणसानें हललेलें चित्र म्हणजे बिघडलेलें चित्र, असें आयुष्यभर मानलेलें. आणि येथें तर हलण्यांतच सारी मौज! त्यांनीं लंडनहून एकवीस गिन्यांचा कॅमेरा मागविला. १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें पुंडलीकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती त्यांनीं चित्रित केली. डिसेंबर १९०१ मध्यें रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून परत आले, त्या वेळच्या स्वागताचेंहि चित्र त्यांनीं घेतलें. सावेदादांचा अभिप्राय असा कीं, या यंत्रानें फ्रान्सचे कामकरी दाखवावे हें ठीकच; पण त्यानें मुंबईचे पहिलवान आणि महाराष्ट्राचा विद्वान् सुपुत्र कां दाखवूं नये? त्यांचीं तीं चित्रें आज उपलब्ध नाहींत. प्रश्न मात्र टिकला, आणि बारा वर्षांनीं तो दुसऱ्या एका मराठी प्रेक्षकाच्या मनांत अधिक जोरानें उठला.

तो प्रेक्षक म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. १९११ च्या सुमारास गिरगांवांतील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्यें त्यांनीं ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्र पाहिलें. तेव्हां त्यांनीं चाळिशी ओलांडली होती. छापखान्याची भागीदारी मोडली होती, आणि पुढें काय करावें याची चिंता होती. पडद्यावर ख्रिस्ताच्या लीला चालल्या असतां फाळक्यांच्या डोळ्यांपुढें गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. पुढें १९१७-१८ च्या सुमारास ‘नवयुग’ मासिकांत त्यांनीं ही हकीकत स्वतःच सांगितली आहे. तेंच चित्र पाहण्यास ते पत्नी सरस्वतीबाईंस घेऊन पुन्हां गेले. मग अनेक महिने चालला तो एकच उद्योग : मुंबईंत येईल तें प्रत्येक चित्र पाहावयाचें, त्यांतील युक्ति हेरावयाची, आणि घरीं येऊन तिचा विचार करावयाचा. झोंप नाहीं, विश्रांति नाहीं. शेवटीं दृष्टीच जाण्याची वेळ आली आणि वैद्यकीय उपचारांनीं ती कशीबशी बचावली. चित्रपट पाहण्याच्या नादापायीं माणूस वेळ आणि पैसा घालवितो, हें सर्वांस ठाऊक आहे. पण पाहण्यासाठीं डोळेच पणास लावणारा हा रसिक विरळा.

त्यानंतरचा इतिहास शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतो. विम्याची पॉलिसी गहाण टाकून काढलेलें कर्ज, १९१२ सालची लंडनची वारी, कुंडींतील वाटाण्याच्या अंकुराची वाढ रोज थोडीथोडी टिपून केलेलें चित्र, आणि ता. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमांत सुरू झालेला ‘राजा हरिश्चंद्र’. आदल्याच वर्षीं, मे १९१२ मध्यें, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ त्याच चित्रगृहांत लागला होता. पण तें रंगभूमीवरील नाटकाचें चित्रण होतें. या ठिकाणीं लक्षांत घ्यावयाची गोष्ट अशी कीं, प्रेक्षकाचा निर्माता झालेले फाळके आतां स्वतःच प्रेक्षकांच्या न्यायासनापुढें उभे होते. सुरतेच्या खेळाची हकीकत प्रसिद्ध आहे. तेथील लोकांस दोन आण्यांत सहा तासांचें नाटक पाहण्याची संवय. दीड तासांत आटोपणाऱ्या मुक्या चित्रास तीन आणे कोण देणार? पहिल्या खेळाचें उत्पन्न अवघें तीन रुपये! फाळक्यांनीं दर उतरविला नाहीं, जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचें चित्र, आणि तें सारें तीन आण्यांत! गर्दी लोटली. प्रेक्षकाचें गणित चुकीचें आहे असें न म्हणतां, त्याच्याच गणितानें त्यास उत्तर देण्याचा हा शहाणपणा होता.

पुढें १९१७ सालच्या ‘लंकादहना’च्या वेळीं प्रभु रामचंद्र पडद्यावर दिसतांच लोक पायांतील वहाणा काढीत, असें सांगतात. त्या चित्रांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटानें केल्या होत्या. सुशिक्षित मनुष्य अशा भोळेपणास हंसतो. पण ज्या प्रेक्षकांनीं वहाणा काढल्या त्यांचा तो अभिप्राय होता, आणि वर्तमानपत्रांतील एखाद्या रकान्यापेक्षां तो कमी बोलका नव्हता.

मूकपटांचा काळ पुढें सरला, चित्रगृहें वाढलीं, तेव्हां सरकारासहि प्रेक्षकांचें मत काय हें विचारावेसें वाटलें. १९२७ सालीं दिवाण बहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं एक चौकशी समिति नेमण्यांत आली. या चौकशीमागें साम्राज्याचें हित होतें, हें उघड आहे : अमेरिकन चित्रांस आळा घालून ब्रिटिश चित्रांस हिंदुस्थानांत सवलत मिळावी, अशी खटपट चालू होती. समितीनें हजारों प्रश्नपत्रिका पाठविल्या, गांवोगांव फिरून साडेतीनशेंहून अधिक साक्षी घेतल्या. त्या साक्षीदारांत फाळकेहि होते. १९२८ च्या अहवालांत निष्कर्ष निघाला तो सरकारास गैरसोयीचा. हिंदी प्रेक्षकास हिंदी चित्रच हवें आहे आणि ब्रिटिश चित्रांसाठीं खास सवलतीचें कारण नाहीं, असें समितीनें सांगितलें. अहवाल बासनांत पडला. तरी सामान्य प्रेक्षकाची आवड एवढ्या पद्धतशीरपणें नोंदली गेली ती या देशांत प्रथम तेव्हांच.

याच समितीच्या प्रश्नपत्रिकेस महात्मा गांधींनीं दिलेलें उत्तर मोठें मनोरंजक आहे. आपण सिनेमास कधींहि गेलों नाहीं, असें त्यांनीं सरळ कळविलें. आणि तरीहि त्यापासून होणारें नुकसान बाहेरच्या माणसासहि दिसतें, असें मत दिलें. न पाहतां दिलेलें हें मत पुष्कळांस जाचलें. पुढेंहि गांधीजींनीं सिनेमाची गणना जुगार, शर्यती अशा व्यसनांबरोबर केली, तेव्हां ख्वाजा अहमद अब्बास या तरुण पत्रकारानें ‘फिल्मइंडिया’ मासिकांत ऑक्टोबर १९३९ मध्यें त्यांस एक खुलें पत्र लिहिलें. अब्बास हे ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्यें चित्रपटांचें परीक्षण करीत. गांधीजींविषयीं त्यांच्या मनांत अपार पूज्यबुद्धि होती, आणि तीच पत्राची खरी धार होती. ज्याला बाप मानावें त्यानें आपली आवड न पाहतांच त्याज्य ठरवावी, याचें दुःख त्यांत होतें. पुढें १९४४ सालीं जुहू येथें विश्रांतीसाठीं असतां गांधीजींनीं विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ पाहिला. अब्बासांनीं तर १९४६ सालीं बंगालच्या दुष्काळावर ‘धरती के लाल’ हें चित्र स्वतःच काढलें. मेलिएस, सावेदादा, फाळके यांच्या मालिकेंतील हा आणखी एक मणि : आधीं पाहणारा, मग बोलणारा, आणि शेवटीं करणारा.

आतां प्रश्न उरतो तो असा, कीं प्रेक्षकाचें मत चांगलें केव्हां म्हणावें? याचा विचार आपल्या पूर्वजांनीं केलेला आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत प्रेक्षकाचीं लक्षणें सांगितलीं आहेत. रंगभूमीवर सुखाचा प्रसंग असतां जो सुखावतो आणि शोकाचा प्रसंग असतां जो शोकाकुल होतो, तो खरा प्रेक्षक, असें ते मानतात. पण नाट्यप्रयोगाचा निवाडा करण्याची वेळ आली कीं, ते एकट्या सहृदयतेवर भिस्त ठेवीत नाहींत. यज्ञाचा जाणता, नर्तक, छंदःशास्त्री, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक असे निरनिराळे परीक्षक ते नेमतात. राजाची भूमिका साधली कीं नाहीं हें राजानें सांगावें, धनुष्य नीट धरलें होतें कीं नाहीं हें धनुर्धरानें सांगावें. एकाच माणसास सर्व कळतें, हा भ्रम त्या काळींहि नव्हता.

या कसोटीस १९३६ सालचा प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ लावून पाहावा. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांचें दिग्दर्शन, शिवराम वाशीकरांची कथा-पटकथा, केशवराव भोळे यांचें संगीत. तुकोबांच्या भूमिकेसाठीं निवडलेले विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत आलेले. त्यामुळें त्यांच्याविषयीं आरंभीं शंकाच होती. चित्र लागलें आणि परीक्षक आपापल्या परीनें बोलूं लागले. वारकऱ्यानें पागनीसांत आपले तुकोबा पाहिले आणि हात जोडले. संसार करणाऱ्या बायकांस तुकोबांपेक्षां जिजाई अधिक पटली. आजारी मुलास घेऊन, हातांत वहाण धरून, थेट देवळांत जाऊन पांडुरंगाशीं भांडणारी ती गौरीबाईंची जिजाई कोणत्याहि घरांत ओळखीची होती. या चित्रासाठीं शांताराम आठवले यांनीं रचलेलें एक पद तर कित्येक जाणत्यांनींहि तुकोबांचाच अभंग म्हणून मानलें. आठवल्यांस याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें मिळणार होतें? सुशिक्षितांस विमान आणि चमत्कार खटकले असतील, पण जिजाईच्या चुलीपुढें त्यांचाहि तर्क नमला. मुंबईंत सेंट्रल सिनेमांत हें चित्र वर्षाहून अधिक काळ चाललें, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या चित्रपट-प्रदर्शनांत त्याचा गौरव झाला. एकाच चित्रानें वारकरी, गृहिणी, पंडित आणि परदेशी परीक्षक यांचें समाधान करावें, असें क्वचित् घडतें. त्यांपैकीं प्रत्येकानें मत दिलें तें स्वतःस कळणाऱ्या गोष्टीविषयीं. म्हणून त्यांचीं मतें एकमेकांस मारक झालीं नाहींत.

येथवर झाली ती मतांची कथा. तिला एक दुःखाची बाजू आहे, ती सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. ज्या चित्रांविषयीं हीं मतें दिलीं गेलीं, तीं चित्रेंच पुष्कळशीं नष्ट झालीं आहेत. या देशांत हजाराहून अधिक मूकपट निघाले. आज त्यांतले पूर्ण स्वरूपांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. त्या काळची नायट्रेटची फीत अत्यंत ज्वालाग्राही. उन्हाळ्यांत ती आपोआप पेटण्याचें भय. जी जळली नाहीं ती पुष्कळदां विकली गेली, कारण तिच्यांतून रूपें निघे. ‘राजा हरिश्चंद्र’चीं चार रिळें होतीं, त्यांतलीं पहिलें आणि शेवटचें अशीं दोनच पुण्याच्या चित्रपट-संग्रहालयांत आहेत, आणि तींहि १९१७ मध्यें फिरून काढलेल्या आवृत्तीचीं असावीं, असें कांहीं अभ्यासकांस वाटतें. ता. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिकमध्यें लागलेला पहिला हिंदी बोलपट ‘आलम आरा’ पाहण्यासाठीं चार आण्यांचें तिकीट चार-पांच रुपयांस विकलें गेलें, पोलिसांस बोलवावें लागलें. त्या बोलपटाचा एकहि बोल आज ऐकावयास मिळत नाहीं.

कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांनीं १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ काढला. सावकारानें जमीन गिळल्यामुळें शहरांत गिरणीकामगार होऊन राबणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. शेतकऱ्याच्या भूमिकेंत तरुण शांताराम. पुराणकथांच्या त्या दिवसांत असा विषय घेणें हें मोठें धाडस होतें. तो मूकपट आज उपलब्ध नाहीं. १९३६ सालीं पेंटरांनीं तीच कथा बोलपटाच्या रूपानें पुन्हां आणली. ती पाहिलेले निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनीं पुढें एक आठवण नोंदली आहे. अंधुक उजेडांत दूरवर दिसणारी एक उदास झोंपडी, आणि त्या शांततेंत ऐकूं येणारें कुत्र्याचें रडणें. एवढीच ती आठवण. पण तिच्यावरून पेंटर हा किती मोठा कलावंत होता, याची कल्पना येते. पडद्यावर चार क्षण उमटलेली झोंपडी एका रसिकानें मनांत जपली, म्हणून ती उरली.

चित्रपट-संग्रहालय पुण्यास १९६४ मध्यें स्थापन झालें. फाळक्यांचीं उरलींसुरलीं रिळें मिळवून तीं जतन करण्यासाठीं ज्यांनीं हाडांचीं काडें केलीं, ते परमेश कृष्णन नायर हेहि मूळचे असेच एक नादिष्ट प्रेक्षक. लहानपणीं पाहिलेल्या चित्रांच्या तिकिटांचे तुकडे ते सांठवून ठेवीत. पुढें काळोखांत बसून वहींत टिपणें करीत. तिकिटाचा फाटका तुकडा जपणाऱ्या मुलाच्या हातून पुढें एका देशाचा चित्रसंग्रह जपला गेला.

आज मत देण्यास क्षणाचाहि विलंब लागत नाहीं. मध्यंतराच्या आंतच चांगलें किंवा टाकाऊ असा शेरा मारून माणूस मोकळा होतो. असल्या शेऱ्यांतून पुढील पिढीस कांहींच मिळणार नाहीं. गॉर्कीनें पानांचें निःशब्द हलणें लिहून ठेवलें, वाडियांनीं कुत्र्याचें रडणें लिहून ठेवलें. काय पाहिलें तें सांगितल्यावांचून कसें वाटलें तें त्यांनीं सांगितलें नाहीं. हें करण्यास विद्वत्ता लागत नाहीं. अनेक घरांतून आजहि अशीं वृद्ध माणसें आहेत, कीं ज्यांनीं पाहिलेलीं चित्रें पुन्हां कोठेंहि लागत नाहींत. सायंकाळीं त्यांच्याजवळ बसून, तें चित्र कोठें पाहिलें, बरोबर कोण होतें, कोणत्या प्रसंगीं डोळ्यांत पाणी आलें, हें विचारावें आणि साध्या वहींत तारीख घालून उतरून घ्यावें. फीत जळते, रूपें वितळतें. पण अशी एखादी वही घरच्या फडताळांत शंभर वर्षें सुखानें राहूं शकते.